मीठ, साखर आणि एक लिटर पाणी



पावसाळा लागला की आपल्या कार्यक्रमात जुलाबाचा विषय येतोच. दरवर्षी येतो, म्हणून काहीजणी म्हणतात, तेच तेच काय सांगता गं? पाणी उकळा, हात धुवा, ओआरएस द्या. पाठ झालंय आम्हाला. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटायचं. यंदा मात्र आम्ही जरा वेगळीकडून सुरुवात करणार आहोत, कारण गेल्या पावसाळ्यात आमच्याच हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, मग बाकीचं.

गेल्या आषाढात आमच्या गटातल्या सहाजणी घरोघर ओआरएसच्या पुड्या वाटत फिरत होतो. वरच्या वस्तीवर एका घरात दीड वर्षाचा नातू. घरी आजी एकटी, सून कामावर. आजीच्या हातात आम्ही चार पुड्या ठेवल्या, "जुलाब झाले तर पाण्यातून द्या" म्हणालो आणि पुढच्या घरी गेलो. पाऊस होता, घाई होती. किती पाण्यातून, ते काही आम्ही बोललो नाही. पुडीवर छापलेलं असतंच की, असं धरून चाललो. आजीला वाचता येत नाही हे आम्हाला माहीत होतं, तरी.

आठ दिवसांनी पोराला जुलाब लागले. आजीनं अख्खी पुडी एका पेल्यात कालवली. तिचा हिशेब साधा होता. एवढंसं पोर लिटरभर पाणी कधी पिणार? अर्धं टाकून द्यावं लागेल, औषध वाया जाईल. त्यापेक्षा पेल्यात घट्ट करून दिलं की लवकर गुण येईल. दीड दिवसात तिनं अशा तीन पुड्या पाजल्या. जुलाब थांबले नाहीत, वाढले. पोर सारखं पाणी पाणी करायला लागलं, मग चिडचिडं झालं, मग झोपाळलं, आणि पहाटे त्याला झटका आला. तालुक्याला नेलं. चार दिवस ठेवावं लागलं, पण पोर वाचलं. आज ते अंगणात कोंबड्यांमागं पळतंय, म्हणून आम्ही हे बोलू शकतो.

डॉक्टरीणबाई आजीवर ओरडल्या नाहीत. आम्हाला मात्र बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुडी वाटता, ते चांगलं करता. पण पाणी का मोजायचं ते तुम्हाला तरी माहीत आहे का?" आम्ही गप्प. माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं ओआरएस म्हणजे ताकदीचं औषध, जितकं घट्ट तितकं गुणकारी. त्यानंतर आम्ही त्यांच्याकडे दोन रविवार बसलो, आणि आमच्यातल्या एकीच्या मुलीनं नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं काढून दिली. त्यातून जे कळलं ते आज सांगतो. पुस्तकात त्याचं नाव आहे पेशीपटल. नाव अवघड आहे, पण ही गोष्ट तुम्ही रोज स्वयंपाकघरात बघता.

कैरीचं लोणचं घालताना फोडींना मीठ-हळद चोळून ठेवता ना? रात्रभरात बरणीत केवढं पाणी सुटतं. ते पाणी आपण घातलेलं नसतं. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ वाढायच्या वेळीच घालायचं, नाहीतर पाणी सुटतं, हे सासूनं पहिल्याच वर्षी सांगितलेलं असतं. आणि उलटं बघा, मनुका रात्री पाण्यात टाकल्या की सकाळी टम्म फुगतात. बाजारातून आणलेली मान टाकलेली मेथी पाणी शिंपडून ओल्या फडक्यात ठेवली की तासाभरात ताठ होते. कुठं पाणी बाहेर आलं, कुठं आत गेलं. कोणी पाठवलं?

बटाटा, कैरी, मेथी, कोंबडी, आपण, सगळेच बारीक बारीक पेशींचे बनलेले. माणसाच्या अंगात पेशी ३० लाख कोटींच्या आसपास असतात म्हणतात. आम्ही तो आकडा लिहून काढला आणि शून्यं मोजता मोजता सोडून दिला. प्रत्येक पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी समजा. त्या पाण्यात क्षार, साखर, प्रथिनं असं बरंच काही विरघळलेलं. आणि पिशवीचा जो पापुद्रा, ते पेशीपटल. हा पापुद्रा इतका पातळ, की एकावर एक दहा हजार रचले तेव्हा आपल्या डोक्याच्या एका केसाएवढी जाडी होईल.

या पापुद्र्यातून पाण्याला थोडीफार जा-ये करता येते. मिठाला आणि साखरेला मात्र तशी सहज वाट नाही. म्हणून बाहेर मीठ जास्त झालं की पाणी आतून बाहेर येतं, कारण पाण्याची ओढ नेहमी जिकडं विरघळलेलं जास्त तिकडं. बाहेर नुसतं पाणी असलं तर ते आत शिरतं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. आपण म्हणू, पाणी मिठामागं जातं. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही हे करून बघितलं, तुम्हीही करा. एका बटाट्याच्या बोटाएवढ्या लांब फोडी करा. दोन वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पाण्यात दोन चमचे मीठ. दोन्हीत फोडी टाका आणि बैठकीचा हिशेब उरकून घ्या. दोन तासांनी काढा. साध्या पाण्यातली फोड कडक, वाकवली की कट्‌कन मोडते. मिठातली रबरासारखी वाकते, बोटाला गुंडाळता येते. आम्ही तिसऱ्या वाटीत उकडलेल्या बटाट्याची फोडही साध्या पाण्यात ठेवली होती. ती काही कडक झाली नाही, कारण उकडताना उष्णतेनं पापुद्रेच फाटले. मग कोण अडवणार आणि कोण धरून ठेवणार? बीट चिरून उकडलं की पाणी लालभडक होतं आणि न चिरता सालासकट उकडलं की रंग बराचसा आत राहतो, तेही याच कारणानं. फ्रिजमध्ये ठेवलेलं केळं काळं पडतं ना, तिथंही थंडीनं सालीतले पापुद्रे बिघडतात आणि आतली एकमेकांपासून वेगळी ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात.

आता हा पापुद्रा कशाचा? तर चरबीचा. ऐकून आम्हाला हसू आलं. चरबी म्हटलं की आम्हाला पोट आठवतं. पण हा मेद वेगळा. त्याच्या प्रत्येक कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. असे असंख्य कण पाण्यात सोडले तर काय करतील? दोन रांगा करून उभे राहतील, शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींकडं, डोकी बाहेर पाण्याकडं. जत्रेत पोरांची चुकामूक होऊ नये म्हणून बायका पोरं मध्ये घेऊन तोंडं बाहेर करून उभ्या राहतात, तसं. हे दोन रांगांचं कोडं १९२५ साली हॉलंडमधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी सोडवलं. त्यांनी रक्तातल्या लाल पेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरवला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतो असं दिसलं. म्हणजे पापुद्रा दोन पदरी असणार. पोळीचं क्षेत्र मोजून ती घडीची आहे हे ओळखावं, तशी ही हुशारी.

आणि हा पापुद्रा कडक नसतो. रश्श्यावर तर्री तरंगते बघा, तिचे थेंब सरकतात, एकमेकांत मिसळतात, तसे हे मेदाचे कण सतत हलत असतात. त्या तर्रीत मधे मधे प्रथिनांचे मोठे कण बसलेले असतात. ती असतात दारं. कुठलं दार फक्त पाण्याचं, त्यातून पाणी भराभर वाहतं. कुठलं मिठातल्या सोडियमचं, कुठलं पोटॅशियमचं. काही दारं आपोआप उघडझाप करणारी, तर काही पंपासारखी, पेशीची शक्ती खर्च करून सोडियम बाहेर फेकणारी आणि पोटॅशियम आत ओढणारी. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, रात्रंदिवस. आपण झोपलो तरी हे पंप चालूच. विहिरीवरची मोटर बंद ठेवता येते, ही नाही.

आता आजीच्या पेल्याकडं वळू.

पोराच्या पोटात मिठाचा घट्ट द्राव गेला. पाणी मिठामागं जातं. म्हणून आतड्यात अंगातलंच पाणी ओढलं गेलं, जुलाब वाढले. आणि बरंचसं मीठ रक्तातही शिरलं. रक्त खारट झालं की अंगातल्या पेशींमधलं पाणी बाहेर यायला लागतं, कैरीच्या फोडीसारखं. मेंदूच्या पेशीही त्यातून सुटत नाहीत, त्या आकसतात. म्हणून ती न भागणारी तहान, ती चिडचिड, ती गुंगी, तो झटका. डॉक्टरीणबाईंनी ते मीठ दोन दिवस लावून हळूहळू उतरवलं. आम्ही विचारलं, एवढा वेळ का? तर म्हणाल्या, घाईनं पाणी दिलं असतं तर आकसलेल्या पेशींत ते भसकन शिरलं असतं आणि मेंदूला सूज आली असती. मनुकेसारखी.

मग कोणीतरी विचारेल, इतकं धोक्याचं असेल तर मीठ-साखर द्यायचीच कशाला? नुसतं पाणी पाजू. आमच्याही मनात हे आलंच होतं. याचं उत्तर फार सुंदर आहे, आणि त्यामागं आपल्याच देशातल्या लोकांची मेहनत आहे.

मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी येतं. दोनेक लिटर आपण खाल्लं-प्यालेलं, बाकीचं लाळ, पाचक रस, पित्त असं अंगातूनच आलेलं. यातलं शौचावाटे जातं जेमतेम शंभर-दोनशे मिली. बाकीचं सगळं आतड्याच्या पेशी परत ओढून घेतात. पण त्यांना पाणी असं सरळ ओढता येत नाही. त्या सोडियम आत घेतात आणि पाणी त्याच्यामागून येतं. पाणी मिठामागं जातं, म्हटलं होतं ना?

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, काय होतं? कॉलऱ्याचा जंतू आतड्याला भोकं पाडत नाही, जखमा करत नाही. तो एक विष सोडतो. ते विष असतं हे १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सिद्ध केलं. या विषामुळं आतड्याच्या पेशीतली क्लोराइडची दारं सताड उघडी राहतात. क्लोराइड म्हणजे मिठाचाच दुसरा भाग. ते आतड्यात वाहत राहतं, त्याच्यामागं सोडियम, त्यामागं पाणी. माणूस तासाला लिटरभर पाणी घालवू शकतो. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. सोडियम आत घेण्याचं नेहमीचं दार बंद पडलेलं असतं, त्यामुळं नुसतं पाणी पाजलं तर ते आतड्यातच राहतं आणि तसंच बाहेर जातं. नुसतं मीठपाणी पाजलं तरी तेच.

पण त्या पापुद्र्यात एक दार असं आहे की विषाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. हे दार जोडप्याचं. एकटं मीठ गेलं तर उघडत नाही, एकटी साखर गेली तर उघडत नाही. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज मिळून आले की ते फिरतं आणि तिघांना आत घेतं. सत्यनारायणाला मेहूणच बसवतात, तसं म्हणा हवं तर. असं दार असणार ही कल्पना १९६० साली रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं प्राग शहरातल्या एका सभेत मांडली. त्याच्या डोक्यात तेव्हा जुलाब नव्हतेच, साखर आतड्यातून कशी शोषली जाते एवढंच तो बघत होता. पुढं काही वर्षांत ढाका आणि कलकत्ता इथल्या दवाखान्यांत कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज एकत्र पाजून बघितलं गेलं. आतड्यात पाणी शोषलं जायला लागलं आणि सलाईन फार कमी लागायला लागलं.

तरी मोठमोठे डॉक्टर म्हणत होते, हे दवाखान्यात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठीक आहे. खेड्यात, बायकांच्या हातात? नको.

मग १९७१ साल उजाडलं. बांगलादेशचं युद्ध. सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. छावण्यांत पाऊस, चिखल, आणि कॉलरा. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या रुग्णालयात डॉक्टर दिलीप महालनबीस यांना पाठवलं होतं. दोन खोल्या, जमिनीवर रुग्ण, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. त्यांनी ठरवलं, जे आहे त्यानं करू. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा, अशा मापानं कलकत्त्यात पुड्या बांधून घेतल्या. बनगावात ते पिंपांत कालवलं, पिंपाला नळ लावला, आणि रुग्णांच्या आयांना, बायकांना, भावांना सांगितलं, या कपानं घ्या आणि पाजत राहा. नर्सेस नव्हत्या, म्हणून पाजणारी घरचीच माणसं.

अशा छावण्यांत शंभरातली तीसेक माणसं मरत होती. त्यांच्याकडं तोंडानं पाणी पाजून ते प्रमाण शंभरात चाराच्याही खाली आलं, आणि रुग्ण होते ३७०० च्या आसपास. काही वर्षांनी, १९७८ मध्ये, लॅन्सेट नावाच्या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकानं लिहिलं की या पापुद्र्यातल्या जोडीच्या दाराचा शोध हा कदाचित शतकातला सगळ्यात मोठा वैद्यकीय शोध ठरेल. महालनबीस २०२२ मध्ये वारले. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. आम्हाला याचं वाईट वाटतं, हे बोलून दाखवतो.

बांगलादेशातली आणखी एक गोष्ट आम्हाला आमच्या कामासाठी फार उपयोगी वाटली. तिथं ब्रॅक या संस्थेच्या बायका १९८० पासून दहा वर्षं घरोघर गेल्या, एक कोटीहून जास्त घरं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, हे त्यांनी आयांकडून स्वतःच्या हातानं करवून घेतलं. आणि कार्यकर्तीचा पगार कशावर? किती घरं फिरली त्यावर नाही. नंतर जाऊन त्या आईला विचारायचे, काय शिकलीस, करून दाखव. तिला जितकं आठवलं, तितका कार्यकर्तीला मेहनताना. हा नियम गेल्या आषाढात आम्हाला लावला असता तर आम्हाला एक पैसासुद्धा मिळाला नसता.

आता करायचं कसं ते नीट ऐका, जमलं तर पोरीला लिहून घ्यायला सांगा.

मोठ्या पुडीला पुरा एक लिटर पाणी. तांब्या मोजू नका, तांबे लहानमोठे असतात. बाजारात पाण्याची एक लिटरची बाटली मिळते, ती रिकामी झाल्यावर स्वच्छ धुवून घरात ठेवा. लहान पुडीही असते, तिच्यावर २०० मिली लिहिलेलं असतं. कुठली पुडी आहे ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर आशाताईंना किंवा शाळेतल्या पोराला विचारा. पाणी आधी उकळून गार करा, मग पुडी घाला. कालवल्यावर उकळू नका. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असं करू नका, कारण पुडीतलं मीठ एका बाजूला आणि साखर दुसऱ्या बाजूला गेली तर जोडी मोडली. आणि केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर ओता. हो आजी, ओता. पुडी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, त्यात वाया काही जात नाही.

पुडी नसेल तर घरी करा. एक लिटर पाण्यात साखरेचे सहा चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. चमचा सपाट, वर ढीग नको, सुरीनं निपटून घ्या. चव बघा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून पुन्हा करा. पुडी मिळाली की पुडीच वापरा, कारण तिच्यात पोटॅशियमही असतं, जुलाबात तेही जातं.

पाजायचं चमच्यानं किंवा वाटीनं, घोट घोट. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, म्हणजे साधारण अर्धी वाटी. त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. खाणंही बंद करायचं नाही, मऊ भात, वरण, केळं चालतं. "पोटाला आराम द्या" म्हणून लेकरांना उपाशी ठेवायची आपल्याकडची रीत चुकीची आहे, हे आम्ही स्पष्टच सांगतो. आतड्याच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्या येतात, त्यांना घडायला अन्न लागतं. त्यासाठीच झिंकची गोळीही देतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, म्हणजे १० मिलिग्रॅम, त्यापुढं एक, २० मिलिग्रॅमची, रोज, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस.

ओआरएसनं जुलाब लगेच थांबत नाहीत. यामुळंच पुष्कळजणी मधेच सोडतात. "देऊन बघितलं, काही फरक नाही." फरक शौचात बघू नका, पोरात बघा. लघवी होते का, डोळ्यांत पाणी आहे का, हाक मारली की बघतं का. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसते, पोर पीत नाही, मलूल पडलंय, शौचात रक्त आहे, आठ तास लघवी नाही, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, गाडी काढा. वाटेतही पाजत राहा, शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर.

आणखी एक. दुकानात गोड पेयांचे रंगीत खोके मिळतात. कितीतरी खोक्यांवर ओआरएस असं ठळक छापलेलं असायचं, आणि आत असायची भरमसाट साखर. आता तुम्हीच सांगा, आतड्यात साखर फार झाली तर पाणी कुठं जाईल? बरोबर, साखरेमागं. जुलाब वाढतील. कोल्डड्रिंकचंही तेच. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी खरेदी करताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघून घ्या.

हात धुण्याचं राहिलं. साबणाच्या कणालाही डोकं आणि शेपटी असते, पापुद्र्यातल्या मेदासारखीच. म्हणून तो मेदाच्या पापुद्र्यात घुसून तो फाडू शकतो. करोनाच्या विषाणूवर असं मेदाचं आवरण होतं, साबणानं ते फुटायचं. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटा विषाणूला मात्र मेदाचं आवरण नसतं. त्याला साबण फोडत नाही, हाताच्या तेलकटपणाबरोबर सोडवून पाण्याबरोबर घालवतो. म्हणून नुसतं बोट बुडवून चालत नाही, चोळावं लागतं आणि वाहत्या पाण्याखाली धरावं लागतं. रोटाची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला फुकट मिळते. ती तोंडात थेंब घालून देतात, सुई नाही. कुणाचं बाळ राहिलं असेल तर आशाताईंना गाठा.

यंदा आम्ही पुड्या वाटायला पुन्हा निघालोय. चार पुड्या हातात ठेवून पुढं जायचं नाही असं ठरवलंय. एक पुडी आमच्यासमोर कालवायची, मगच उरलेल्या मिळणार. त्यामुळं दिवसाला आठ-दहा घरंच होतात आणि वस्तीवरचे पुरुष म्हणतात, तुमचं काम संपणार कधी. होईल तेव्हा होईल.

वरच्या वस्तीवरच्या आजीच्या घरी परवा गेलो होतो. तिनं फळीवर एक लिटरची बाटली ठेवलीय आणि नेलपॉलिशनं तिच्या गळ्याशी लाल रेघ मारलीय. शेजारणी बाटली मागायला येतात, ती देत नाही. म्हणते, इथं या आणि इथंच कालवा, माझ्यासमोर. बटाट्याच्या फोडींचं सगळं आम्ही तिला सांगितलं, तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग कांदा चिरताना डोळ्यात पाणी का येतं गं, तिथं कुणाचा पापुद्रा फाटतो? कांद्याचाच फाटतो, आजी. त्याच्या पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या असतात, सुरीनं मधली भिंत तुटली की त्या भेटतात आणि झोंबणारा वायू तयार होतो. पण मग कांदा फ्रिजमध्ये ठेवून चिरला तर कमी का झोंबतो, हा तिचा पुढचा प्रश्न. तो पुढच्या गुरुवारी घेऊ. तोवर बटाट्याच्या फोडी करून बघा आणि काय झालं ते फोन करून कळवा.